उपास एका दिवशी, वेदान्त वेगळा: वारकरी नेमके कुठे बसतात?

तुळशीमाळ

माझं माहेर बार्शीकडचं, वारकरी. आजोबा माळकरी, संध्याकाळचा हरिपाठ चुकत नाही. सासर सोलापूरचं, माध्व, म्हणजे मध्वाचार्यांना मानणारं. घरात कानडी-मराठीची खिचडी. सासऱ्यांच्या कपाळावर गोपीचंदनाचा उभा नाम, मधोमध अंगाऱ्याची काळी रेघ, दंडावर मुद्रा. आजोबांच्या कपाळावरही गोपीचंदनच, फक्त सोबतीला बुक्का.

मध्ये कॅलेंडरवर स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या लागोपाठ आल्या. फोन करून विचारलं, तर आजोबांची भागवत. सासऱ्यांची निर्जळीही त्याच दिवशी. शेजारच्या काकूंनी मात्र आदल्याच दिवशी साबुदाणा उरकला होता. म्हटलं चला, सासर-माहेर एक झालं! तर सासरे म्हणतात, "तुझ्या आजोबांचा उपास बरोबर आहे, सिद्धान्त चुकलाय. अद्वैती, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच म्हणणारे, ते मायावादी, जगाला भास ठरवणारे." आणि हेच सासरे पहाटे पुरंदरदासांची 'पुरंदर विठ्ठला' म्हणणारी कानडी पदं आळवत असतात. विठ्ठल तोच ना?

देव एक, तिथी एक, मग वेदान्त वेगळा कसा? की संप्रदाय आणि दर्शन यांचा तसा संबंधच नसतो?

खडूफळा

असतो की. वैष्णवांचे चार संप्रदाय: श्री संप्रदाय रामानुजांचा, विशिष्टाद्वैत. ब्रह्म संप्रदाय मध्वांचा, द्वैत, म्हणजे जीव आणि ईश्वर वेगळे. सनकादी संप्रदाय निंबार्कांचा, द्वैताद्वैत. रुद्र संप्रदायात वल्लभाचार्य, शुद्धाद्वैत. वारकरी अद्वैत. विषय संपला.

ओसरीवरचा

कसला संपतोय! पस्तीस वर्षं टपालात काढली, त्या भाषेत सांगतो. तुमचा तक्ता म्हणजे पिनकोड. पाकीट कुठे जायचं ते कळतं, आत काय लिहिलंय ते नाही.

हा तक्ता मुळात ब्रह्मसूत्रांवरच्या, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथावरच्या, भाष्यांचा आहे. ज्या आचार्यांनी भाष्य लिहिलं त्यांच्या संप्रदायाला तो नीट बसतो. बाकीच्यांची ओढाताण होते. बंगालचे चैतन्य महाप्रभू (१४८६–१५३४) घ्या. त्यांनी भाष्य लिहिलं नाही. त्यांच्या अनुयायांचं म्हणणं, भागवत पुराण हेच सूत्रांचं भाष्य, आणखी कशाला? पुढे अठराव्या शतकात जयपूरला हरकत निघाली: तुम्हाला भाष्य नाही, मग तुमचा संप्रदाय कुठला? तेव्हा बलदेव विद्याभूषणांनी 'गोविंदभाष्य' लिहिलं. म्हणजे नाचून-गाऊन भक्ती दोनशे वर्षं आधीच चालू होती, दाखला मागाहून काढला.

गुजरातेतल्या स्वामिनारायण संप्रदायाची गंमत आणखी न्यारी. १८२६ सालच्या शिक्षापत्रीत, म्हणजे अनुयायांसाठीच्या आचारनियमांत, संस्थापक सहजानंद स्वामी आपलं मत विशिष्टाद्वैत असल्याचं सांगतात, म्हणजे रामानुजांच्या वाटेचं. पण व्रतं-उत्सव कुठल्या दिवशी करायचे? तिथे वल्लभाचार्यांचे चिरंजीव विठ्ठलनाथ यांचा निर्णय मानायला सांगतात. तत्त्वज्ञान एका घरचं, पंचांग दुसऱ्या घरचं. तेव्हा ताई, तुमच्या घरात जे झालं ते काही आक्रीत नाही.

एकादशीचा मामला तर वेदान्ताचा नाहीच, वेधाचा आहे. स्मार्त सूर्योदयाला एकादशी आहे का ते बघतात. भागवतवाले त्याच्या चार घटका आधी, म्हणजे ९६ मिनिटं आधीच्या अरुणोदयाला दशमी उरलीय का ते तपासतात. उरली असेल तर ती एकादशी विद्ध, त्यांना चालत नाही. मग दुसऱ्या दिवशी. यात जीव-ब्रह्माचं काही येत नाही. विष्णूचं व्रत किती कडक पाळायचं, एवढाच प्रश्न. म्हणून अद्वैती वारकरी आणि द्वैती माध्व एका दिवशी उपाशी, आणि तुमच्या काकू अद्वैतीच असल्या तरी आदल्या दिवशी.

आता सासऱ्यांचा आरोप. मध्वांच्या मताने पाच भेद खरे आणि कायमचे: ईश्वर-जीव, ईश्वर-जड, जीव-जीव, जीव-जड, जड-जड. मोक्षातही जीव वेगळाच राहतो. तिथून पाहिलं की ज्याने भेद पुसला तो मायावादी. पण ज्ञानोबांना तो शिक्का बसत नाही असं माझं मत. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ते भाष्यकारांना वाट पुसत आल्याचं म्हणतात, आणि भाष्यकार म्हणजे शंकराचार्य असंच बहुतेक मानतात. गुरुपरंपरा मात्र नाथांची: गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ. आणि 'अमृतानुभवा'त अज्ञानाचं असं काही खंडन केलंय की मायेला उभं राहायला जागाच उरत नाही. जग हा भास नाही, चैतन्याचाच विलास.

मग भक्ती कोण कुणाची करणार? त्याला तिथेच एक दृष्टान्त आहे. डोंगर कोरून देव, देऊळ आणि भोवतीचा परिवार एकाच दगडात काढतात, तसा भक्तीचा व्यवहार का होऊ नये? वेरूळचं कैलास ज्याने पाहिलंय त्याला वेगळं समजवायला नको. हात जोडलेला दगड आणि ज्याच्यापुढे जोडलेत तोही दगड, मध्ये सांधा नाही.

आणि तुकोबा! एकीकडे आकाशाएवढा होतो, दुसरीकडे ब्रह्मज्ञान नको, मी भक्त तू देव असंच ठेव म्हणून हट्ट धरतो. बसवा तक्त्यात.

खडूफळा

शिक्षापत्रीचं माहीत नव्हतं. 'विषय संपला' मागे घेतो.

परधर्मवासना

आमच्या महानुभावांना सगळेच विसरतात. चक्रधर स्वामींच्या विचारात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ नित्य आणि वेगळे. म्हणजे द्वैतच. पण मध्वाचार्यांशी काडीचं नातं नाही, ब्रह्मसूत्रांवर भाष्यही नाही. आमचा आधार स्वामींच्या मराठी वचनांचा सूत्रपाठ. देवतांची भक्ती करून मोक्ष मिळत नाही हाही सिद्धान्तच, त्यामुळे विठ्ठलाच्या वादात आम्ही कुठल्याच बाजूला नाही.

तुळशीमाळ

ओसरीवरचे काका, खूप आभार. काल जेवताना सासऱ्यांना डोंगराचा दृष्टान्त सांगितला. हातातला घास तसाच ठेवून ऐकलं. मला वाटलं, जिंकले.

मग ताकाची वाटी पुढे ओढत म्हणाले, "छान आहे. पण डोंगर कोरला कुणी?"

आजोबांना फोन लावलाय. ते हरिपाठाला बसलेत, उठले की विचारते.