मांजर कुणाकडं जाणार? आणि आईला कुसुम कोण ते कसं सांगू?

काळी_कसदार:
परभणीला ॲग्रीच्या शेवटच्या सेमला आहे. जानेवारीत आम्ही सातआठ जण एकाच्या शेतात हुरडा खायला गेलो होतो. तिथं कडब्याच्या गंजीत एक पिल्लू ओरडायलं होतं, मुठीएवढं. ‘त्यानं’ ते रुमालात गुंडाळून मोटारसायकलवर आणलं. होस्टेलात मांजर चालत नाही, म्हणून वसमत रोडला माझ्या रूमवर ठेवलं. रंग करडा म्हणून नाव करडी. आणि आपल्या विद्यापीठाचं करडईचं वाण ‘परभणी कुसुम’, म्हणून लसीच्या कार्डावर कुसुम. (काटे दोघींनाही आहेत.) कार्डावर मालक म्हणून त्याचं नाव, खाली मोबाईल नंबर माझा. आम्ही दोघं एकत्र आहोत असं सांगणारा जगात तेवढा एकच कागद आहे.

पेपर झाले की तो जालन्याला, बियाण्याच्या कंपनीत. मी घरी उदगीरला, एमपीएससी करायला. आठ दिवस झाले, भांडायलोत. तो म्हणतो, मी आणली, मीच नेणार. मी म्हणते, खरीप तोंडावर आलाय, महिन्यातले वीस दिवस तू फिरतीवर, ती काय बियाण्याच्या पिशव्या खाणार? तो म्हणतो, तुझ्या घरचे सगळे माळकरी. तेही खरंच.

खरा घोळ पुढंच आहे. फोनवर मी आईला सारखं ‘कुसुम जेवली नाही’, ‘कुसुमला जुलाब लागलेत’ असं बोलायचे. आईला वाटतं कुसुम माझी रूममेट. परवा म्हणाली, “येताना त्या कुसुमला घेऊन ये, पुरणपोळी करते. बिचारी कधी गावाकडं गेल्याचं ऐकलं नाही.”

काय करू?

लातूररोड_जंक्शन:
हसून हसून चहा सांडला. घेऊनच जा. आईनं पाट मांडला की पिशवीतून काढायची.

गुराढोरांचा_डॉक्टर (अजून व्हायचाय):
पहिलं म्हणजे दूध बंद करा. बहुतेक मोठ्या मांजरांना गाईम्हशीचं दूध पचत नाही, जुलाब त्याचेच असतील. माळकरी घराचं म्हणाल तर दूधभाकरीवर मांजर जगत नाही, तिला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते मांसामाशांतूनच मिळतं. पण मांजराचं कोरडं खाद्य पाकिटात येतं, त्यात ते असतं. आईला चुलीवर काही शिजवायची गरज नाही.

जानेवारीचं पिल्लू म्हणजे आता पाचएक महिन्यांचं. नेण्याआधी इथंच नसबंदी करून घ्या. मांजर साधारण ६३ ते ६५ दिवसांत वितं, नाहीतर पावसाळ्यात तुमच्या आईला पाच कुसुमा सांभाळाव्या लागतील.

परळीवरून उदगीरला रेल्वे आहे, पण मांजर मांडीवर घेऊन बसता येत नाही. एकतर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. परभणीच्या मे महिन्यात ती पेटी म्हणजे भट्टी. कुणाची तरी गाडी बघा आणि पहाटे निघा, निघताना पोटभर खाऊ घालू नका. घरी नेल्यावर चार दिवस एकाच खोलीत ठेवा. तिचं जुनं अंथरूण न धुता सोबत न्या, वास ओळखीचा लागतो. कार्डावरचं मालकाचं नाव बदलून मिळतं, दोन मिनिटांचं काम आहे.

बीडची_मावशी:
अगं माय, महिनाभर जालना महिनाभर उदगीर असलं काही ठरवू नका. मांजर माणसाआधी घर ओळखतं. आणि त्याला एक विचार, एवढ्या दिवसांत तिची रेती कितीदा बदललीस? माझ्या नवऱ्यालाही शेळ्या लई आवडायच्या. पाणी मी दाखवायचे.

काळी_कसदार:
मावशी, विचारलं. दोनदा, असं म्हणाला. मग बराच वेळ काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच झाकणाची बास्केट घेऊन आला, तळाशी तोच हुरड्याच्या दिवशीचा रुमाल अंथरलेला. म्हणाला, तूच ने. मी रडले, तो चप्पल घालायला लागला. नसबंदीची तारीख शुक्रवारची मिळालीय.

आईलाही सांगितलं. आधी गप्प. मग म्हणाली, “म्हणजे मी मांजराला डाळिंबाच्या सालीचा काढा सांगत होते?” पण आणायला हो म्हणाली. लस टोचलीय ना म्हणून कार्डाचा फोटो मागितला. मी अभ्यासाच्या नादात पाठवून दिला.

पाच मिनिटांनी फोन. “मालकाच्या रकान्यात हे कोण गं?”