वय नव्हे, हाड बघा
‘सत्तरीनंतर इम्प्लांट (दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू) कशाला, कवळी पुरे’ हे मला पटत नाही. अडसर वयाचा नसतो. हाड किती उरलंय आणि साखर आटोक्यात आहे का, ते बघतात. दात गेल्यावर तिथलं हाड झिजत जातं, म्हणूनच खालची कवळी कालांतराने हलायला लागते. इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू मात्र हाडाशी एकजीव होतो. स्वीडनचे डॉक्टर ब्रेनमार्क यांनी १९६५ साली तो प्रथम माणसाच्या जबड्यात बसवला.

इथे इंदूरला माझ्या आईला ७२व्या वर्षी खाली दोन बसवले, त्यांवर कवळी टिचबटणासारखी अडकते. हाड धरेपर्यंत चार महिने थांबलो, तेवढे दिवस पोहेसुद्धा मऊ भिजवून. आता सराफ्याच्या खाऊगल्लीतला भुट्ट्याचा कीसच काय, शेंगदाणेही खाते! तंबाखू असेल तर आधी सोडायला लावा, आणि सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) झाल्याशिवाय होकार देऊ नका.