चेहरा एकाचा, मान दुसऱ्याची
कॉमिक्स छापायच्या आधी संपादक फक्त संवादाच्या फुग्यातला मजकूर बदलतात, चित्राला हात लावत नाहीत, असं म्हणतात. लावतात की! अमेरिकन कॉमिक्सचा नावाजलेला चित्रकार जॅक कर्बी १९७० मध्ये मार्व्हल ही प्रकाशनसंस्था सोडून तिची स्पर्धक असलेल्या, सुपरमॅनवाल्या डीसीकडे आला आणि सुपरमॅनच्या मित्रावरची 'जिमी ओल्सन' ही मालिका काढू लागला. तर त्यातल्या सुपरमॅनचे चेहरे डीसीने ॲल प्लास्टिनो आणि पुढे मर्फी अँडरसन या दुसऱ्या चित्रकारांकडून पुन्हा काढून घेतले. कारण काय, तर 'आमचा सुपरमॅन असा दिसत नाही'. त्यातला एखादा अंक नीट बघा: खाली कर्बीचं दणकट, ठोकळेबाज शरीर आणि वर गुळगुळीत, देखणा चेहरा. कर्बीसारख्याची ही गत, तर बाकीच्यांचं काय!

बाकी चित्र बदलायचं म्हणजे 'जुन्यावर पांढरा रंग मारला की झालं' असं वाटतं, पण ते इतकं सोपं नव्हतं. ऑफसेट छपाईसाठी पानाचा कॅमेऱ्याने फोटो काढायचे, त्या काळात दिवाळी अंकांसाठी मी वेगळ्या कागदावर नवा चेहरा काढून मूळ चित्रावर चिकटवायचा, अशी ठिगळं लावली आहेत. जाड कागदाचं ठिगळ असलं की कॅमेऱ्यात कडेची सावली पडायची आणि नाकाशेजारी केसाएवढी काळी रेघ उमटायची. मग निगेटिव्ह काचेच्या टेबलावर ठेवून बारीक ब्रशने ती झाकत बसा. ठिगळाच्या कडा मागून घासून पातळ करायच्या, हे फार उशिरा कळलं.