सेंट्रल पार्कातला अँडरसन: मांडी पिवळीधमक, कोट काळपट, असं का?

रानजाई: न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात 74व्या रस्त्याजवळ, तळ्याकाठी डॅनिश परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसनचा ब्रॉन्झचा (कांस्याचा) पुतळा आहे. कोट काळपट, पण मांडी, पुस्तक आणि समोरचं बदक लखलखीत. हे मुद्दाम घासतात का? मुलं मांडीवर चढल्याने पुतळा खराब होतो का?

ओतारी: मुद्दाम नाही घासत. ब्रॉन्झ मूळचं सोनेरीच असतं. तपकिरी रंग म्हणजे रसायनं आणि आच देऊन आणलेला पातळ थर, पॅटिना, त्यावर मेण. कपडे आणि घामट हात आधी मेण नेतात, मग पॅटिना. धातूही झिजतो, पण फार सावकाश. जास्त काळजी कुणी हात न लावणाऱ्या जागांची करावी: कोटाच्या घड्यांत पाणी आणि पक्ष्यांची घाण साचते, तिथे हिरवे ओघळ येतात.

उपाय वर्षातून एकदा मेण. कोरडा दिवस निवडा. मऊ ब्रश, सौम्य साबण, भरपूर पाणी. मग पूर्ण वाळू द्या. गॅसच्या ब्लो-टॉर्चने धातू चांगला तापवून मायक्रोक्रिस्टलाइन (अगदी बारीक स्फटिकांच्या) मेणाचा पातळ हात फिरवा आणि गार झाल्यावर सुती कापडाने पुसा. ओल राहिली तर मेणाखाली पांढुरकी झाक धरते. जाड थरावर धूळ बसते. चिंच, लिंबू, पितळ उजळायची पावडर अजिबात नको, पॅटिनाच उतरते.

टाकी_छिन्नी: बदकाबद्दल थोडं. ते 1973 मध्ये चोरीला गेलं होतं, नंतर सापडलं. सुटा छोटा भाग एकाच पिनेवर उभा असला की पिळून उपटता येतो. निदान दोन स्टेनलेस स्टीलचे आटे पाडलेले गज दगडात खोल घालून इपॉक्सीने (घट्ट बसणाऱ्या रेझिनच्या चिकटद्रव्याने) पक्के करावेत. साधं लोखंड नको: गंजलं की फुगतं आणि ग्रॅनाइटला तडा देतं.

रानजाई: म्हणजे मुलांना चढू द्यायला हरकत नाही?

ओतारी: खुशाल चढू द्या. शिल्पकार गेऑर्ग लोबर यांनी 1956 मध्ये तो बसकाच घडवला, मुलांचा हात पोचेल असा. फक्त बुटांची वाळू झटकून घ्या, खरवडते ती. भर उन्हात ब्रॉन्झ चटके देतं, तेव्हा सकाळची वेळ बरी.

टाकी_छिन्नी: कोपनहेगनच्या राजबागेतला अँडरसनचा 1880चा पुतळा याच्या उलट. त्याच्या आराखड्यात मुलं अंगाशी रेलून दाखवली होती. अँडरसनने स्वतः ती नाकारली, कारण वाचताना पाठीशी कुणी असलेलं त्याला खपत नसे. म्हणून तिथे तो एकटाच बसलेला आहे, तोही उंच चौथऱ्यावर. मुलांसाठी न्यूयॉर्कचाच बघा.