‘इसम’ म्हणजे नाव, मग इसमालाच नाव का नाही?

जुनीपानं
घरातल्या ट्रंकेत १९४०-५० च्या सुमाराची वर्तमानपत्रांची कात्रणं निघाली, ती लावत बसलोय. एक शब्द पानोपानी भेटतो: इसम. विहिरीत पडला तो इसम, पाकीट मारलं तो इसम, गाडीखाली आला तोही इसमच. त्याच पानावर सभेचा अध्यक्ष मात्र ‘गृहस्थ’ आणि देणगी देणारा ‘सद्गृहस्थ’! गंमत अशी की इसम हा मूळ अरबी शब्द, त्याचा अर्थ नाव. बिस्मिल्लामधला ‘इस्म’ तोच. आणि आपण तो वापरला कुणासाठी, तर ज्याचं नाव छापावंसं वाटलं नाही त्याच्यासाठी. माझं मत, बातमीतून हा शब्द आता तरी हद्दपार करावा. ‘व्यक्ती’ आहे की.

खोडरबर
अजिबात नको. ‘अनोळखी इसम, वय अंदाजे ४५’ असं पंचनाम्यात लिहितात, कारण लिहिणाऱ्याला तेवढंच ठाऊक असतं. बातमीदार तो कागद उतरवून घेतो. यात तुच्छता कुठून आली? नावावरून माणसावर येणंही काही विचित्र नाही. जुन्या दप्तरांत इसमवार याद्या असत, दर नावाला एक ओळ. दरडोई म्हणताना आपण डोक्यांवरून माणसंच मोजतो ना?

आणि ‘व्यक्ती’ घालून बघा एकदा. ‘व्यक्ती बुडाली, तिचा मृतदेह सापडला.’ आता सांगा, बुडालं कोण, बाप्या की बाई? इसम म्हटलं की प्रश्न मिटला.

तिखटमीठ
मिटला तुमच्यापुरता! बाई कधी इसम झालीये का? ती बातमीत येते ती ‘विवाहिता’ म्हणून, नाहीतर ‘विधवा’ म्हणून. विहिरीत पडलेल्या पुरुषाला ‘विवाहित’ म्हणून मथळ्यात कुणी बसवलंय? इसमाला निदान लग्न तरी चिकटवलेलं नाही. मला तर त्याचा हेवाच वाटतो. हद्दपार करायचंच तर आधी ‘विवाहिता’ला करा, इसमाचं नंतर बघू.

जुनीपानं
हे पटलं. पण खोडरबर, गृहस्थाचं काय? चोर कधी गृहस्थ का नसतो?

खोडरबर
सोपं आहे. गृहस्थ बातमीदाराच्या ओळखीचा असतो, इसम नसतो.

जुनीपानं
अहो, मी दुसरं काय म्हणतोय? ओळख असते कुणाची?

शाईचाडाग
भांडण चालू द्या, मधेच एक कामाचं. स्कॅन केलेल्या अंकांत शोधायचं असेल तर नुसतं ‘इसमाने’ घालून भागणार नाही. तेव्हा ‘इसमानें’ छापत, डोक्यावर अनुस्वार. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. माझा अर्धा दिवस त्या टिंबापायी वाया गेलाय.

हद्दपारीबद्दल म्हणाल, तर सावरकरांनी ‘तारीख’ला ‘दिनांक’ दिला. तो रुळला, पण मुख्यतः कागदावर. कोर्टात अजून तारीखच पडते. इसमही असा जायचा नाही.

तिखटमीठ
जायचा नाही म्हणून तसाच चालवायचा? ‘विधवा’सुद्धा ‘असंच लिहितात’ म्हणूनच टिकली.

जुनीपानं
थांबा, आत्ताच एक कात्रण हाती लागलं. पतपेढीतल्या अफरातफरीची बातमी, जेमतेम बारा ओळींची. सुरुवातीला चिटणीस ‘हे गृहस्थ’ आहेत. मधे हिशेब तपासले जातात. शेवटच्या ओळीत ‘सदर इसमास’ अटक! बारा ओळींत माणूस गृहस्थाचा इसम झाला. आता बोला.

खोडरबर
बोलतो की. शेवटची ओळ पोलिसांच्या कागदावरून उतरवलेली आहे. ‘सदर’ दिसत नाही का?