वडिलांचं करणं: पैसे पाठवणारा भाऊ, घरातली मी आणि रोज येणारी अक्का

साखरपेठची_लेक

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण वाचा प्लीज. पप्पांना मागच्या वर्षी लकवा मारला, उजवी बाजू गेली. बोलणं बरंच परत आलंय पण अंघोळ, संडास, कूस बदलणं सगळं दुसऱ्याच्या हातानं. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग आणि कामगारांवर देखरेख करणारे होते, आयुष्यभर लोकांवर ओरडलेला माणूस, आता डायपर बदलताना भिंतीकडं तोंड करून झोपतो आणि म्हणतो मला आश्रमात टाका, कुणाचे उपकार नकोत.

मी नोकरी करते म्हणून दिवसा एक अक्का येते. आधी विड्या वळायची, आता हे काम करते. भाऊ पुण्याला आयटीत आहे, अक्काचा पगार तोच देतो, औषधं पण. आणि त्याचं म्हणणं असं की मी पैसे देतो, तू बघतेस, म्हणजे फिफ्टी फिफ्टी झालं. मला ते पटत नाही पण का पटत नाही ते सांगता येत नाही, कारण खरंच त्याच्या पैशाशिवाय चाललं नसतं.

आणि दुसरी गोष्ट जी जास्त टोचते. अक्काची स्वतःची आई घरात पडून आहे, कमरेचं हाड मोडलेलं. तिच्याजवळ अक्काची मुलगी बसते, सातवीत आहे, आणि नळाला पाणी यायचा दिवस असला की शाळा बुडतेच बुडते. म्हणजे माझ्या पप्पांची कूस बदलावी म्हणून तिकडं एक पोरगी शाळा सोडून आजीची कूस बदलतीय. हे बरोबर आहे का? अक्काला काढून टाकलं तर तिचा पगार जातो, ठेवलं तर हे असं. नुसतं "तुम्ही ग्रेट आहात ताई" लिहू नका, खरं काय वाटतं ते लिहा.

निवृत्त_मास्तर

ताई, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो, म्हणून थोडं पुस्तकी बोलतो, सांभाळून घ्या.

तुम्हाला जे सांगता येत नाहीये त्यावर लोकांनी बरंच काम केलंय. अमेरिकेत कोलबर्ग नावाचे मानसशास्त्रज्ञ मुलांना एक प्रश्न विचारायचे: बायको मरायला टेकलीय, औषध परवडत नाही, दुकानदार कमी करत नाही, तर नवऱ्यानं चोरी करावी का? अकरा वर्षांचा एक मुलगा सरळ हिशोब मांडतो, पैशापेक्षा जीव मोठा, करावी चोरी. त्याच वयाची मुलगी म्हणते, अहो पण तो जेलात गेला आणि बायको परत आजारी पडली तर तिच्याजवळ कोण? दुकानदाराशी बोलून बघा ना. उत्तरावरून नैतिक विचार किती वाढलाय हे मोजायची कोलबर्ग यांची पट्टी होती, तिच्यावर मुलगी खाली पडली. कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये म्हटलं की कमी मुलीत नाहीये, पट्टीच एका बाजूची आहे. तत्त्व कुठलं मोठं यापेक्षा कोण कुणाजवळ राहील, हा पण नैतिक प्रश्नच आहे, आणि तो काही सोपा नाही.

तुमच्या भावाबद्दल. जोन ट्रॉन्टो या राज्यशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी १९९३ साली काळजीचे टप्पे वेगळे करून दाखवले. गरज आहे हे लक्षात येणं, त्याची जबाबदारी उचलणं, प्रत्यक्ष हातानं करणं, आणि ज्याचं करतोय त्याला ते कसं लागलं हे बघणं. पैसे पाठवणं दुसऱ्यात येतं. नोटेनं कूस बदलत नाही, त्या नोटेचं काम कुणीतरी करावं लागतं. आणि बाई असंही दाखवतात की समाजात वरच्या जागी बसलेले लोक पहिले दोन टप्पे स्वतःकडं ठेवतात आणि हाताचं काम खाली सरकवतात. भाऊ खोटं बोलत नाहीये, तो फक्त चारातला एक टप्पा अर्धं काम म्हणून मोजतोय.

चौथा टप्पा सगळेच विसरतात. पप्पांना विचारलंत का की डायपर कुणी बदललेलं चालेल, किती वाजता, दार लावून की कसं? भिंतीकडं तोंड करणं हे पण एक उत्तरच आहे, कुणी ऐकत असेल तर.

पंढरीनाथ_७७

मास्तर, एवढ्या लांब अमेरिकेत कशाला जाता, आपल्याच जिल्ह्यात पंढरपूर आहे की. पुंडलिकानं देवाला सांगितलं थांब, आईवडिलांचं करतोय, आणि वीट फेकली. अठ्ठावीस युगं देव उभा आहे. आजकालच्या पोरांना हे शिकवत नाही कुणी. वर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, प्रांताकडं अर्ज केला की मुलाकडून पोटगी मिळते.

कन्ना_चौक

काका, पुंडलिकाची गोष्ट मला पण आवडते. पण काशीला निघाले तेव्हा घोड्यावर बसलेली त्याची बायको गोष्टीत असते आणि पुढं सेवा सुरू झाली की ती गायबच होते. पाय दाबत पुंडलिक बसला, ठीक आहे, चूल कोण पेटवत होतं? सरकारच्या २०१९ च्या वेळेच्या पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ९७, आणि ते पण जे पुरुष करतात त्यांचेच. म्हणून मला या "काळजीचं मूल्य" वगैरेची थोडी भीतीच वाटते. बाईत उपजतच माया असते म्हणायचं आणि सगळं तिच्या गळ्यात.

आणि कायद्यानं पोटगी मिळते, बरोबर, पण प्रांतसाहेब काही भावाला पुण्याहून आणून बेडजवळ उभा करणार नाहीत. हां, घर नावावर करायचं असेल तर "सांभाळण्याच्या अटीवर" हे बक्षीसपत्रात लिहून घ्या, नाही सांभाळलं तर त्याच कायद्याखाली ते रद्द करून मागता येतं. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं.

सिस्टर_होटगीरोड

मी वॉर्डात काम केलेय, तत्त्वज्ञान काय कळत नाही, पण एक सांगते. दर दोन तासाला कूस, रात्री पण. माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या, लाल झालेलं बोटानं दाबल्यावर पांढरं पडत नसेल तर समजा जखमेची सुरुवात. कमरेखाली जुनी मऊ चादर चौघडी करून आडवी टाका, दोन्ही बाजूनं धरून सरकवायचं, माणसाला ओढायचं नाही, ओढलं की कातडी सोलते. आपली सोलापुरी चादर इथं नको, वीण जाड असते, रुतते. भरवताना ताठ बसवा आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका, ठसका लागून छातीत जातं.

हे सगळं का लिहिलं तर हे बघा, यात "नुसतं बघणं" कुठं आहे? ही स्किल आहे. अक्का ती रोज वापरते आणि लोक तिला म्हणतात "बसूनच तर असते". चादरी धुवायला पाणी लागतं आणि पाणी चार-पाच दिवसाआड, त्याचा मेळ कोण घालतं? तो हिशोब भावाच्या ट्रान्सफरमध्ये दिसणारच नाही की.

विडी_घरकुल

लेक ताई, मी विडी कामगाराची मुलगी, म्हणून अक्काच्या बाजूनं लिहिते. माझी आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची आणि बाजूला आजी झोपलेली. पानं कापता कापता आजीला पाणी, वळता वळता माझा अभ्यास. हजार विड्यांमागं मजुरी लैच कमी, वर छाट, म्हणजे खराब म्हणून काढलेल्या विड्या, निघायची ती वेगळी, तंबाखूनं खोकला, कौतुक करण्यासारखं त्यात काही नाही. पण कमवायची जागा आणि म्हाताऱ्या माणसाची जागा एकाच खोलीत होती. तुमच्या अक्कानं जास्त पगारासाठी ती खोली सोडली आणि मधली भिंत तिच्या पोरीच्या अंगावर आली.

तुम्हाला वाईट वाटतं ते चांगलंय, पण वाईट वाटून तिच्या पोरीची शाळा होत नाही. तिला काढू नका. तिला विचारा तुला काय पाहिजे, आणि तुमच्या मनातलं उत्तर आधीच ठरवून विचारू नका. आमच्या आईला लोकं जुने कपडे द्यायचे, तिला सुट्टी पाहिजे असायची.

निवृत्त_मास्तर

विडी घरकुल, तुम्ही जे लिहिलंत ते एव्हा किट्टे या अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ बाईंनी १९९९ मध्ये जवळपास असंच मांडलंय. त्यांची मुलगी जन्मापासून पूर्ण परावलंबी, तिचं करणाऱ्या बाईबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं घर चालवलं. म्हणतात, जो दुसऱ्याचं करतो तो त्या वेळात स्वतःचं बघू शकत नाही, म्हणून त्याच्यामागं कुणीतरी उभं राहणं ही मेहेरबानी नाही, समाजाचं देणं आहे. आता घरातला मालक ते देणं किती फेडणार आणि सरकारनं किती, यावर माझं मत सरकारकडं झुकतं. पण सरकार येईपर्यंत अक्काचा पगार कमी ठेवायला ते निमित्त होऊ नये.

चाकाची_खुर्ची

सगळे करणाऱ्यांबद्दल लिहिताय, ज्याचं केलं जातं त्याच्याकडून पण ऐका. अॅक्सिडेंटनंतर मी खुर्चीवर आहे. लोक म्हणतात किती धीर, आणि माझ्याच समोर माझ्या आईला विचारतात "याला चहा चालतो का?" अरे मला विचार बे.

पप्पांना उपकार नकोत ना, मग त्यांना काहीतरी करायला द्या. जॉबर होते, आवाजावरून लूम कुठं बिघडलाय ते ओळखत असतील. एका हातानं शेंगा फोडता येतात, अक्काच्या पोरीचं गणित घेता येतं. टाईमपास म्हणून नाही, खरंच लागणारं काम. आणि जो माणूस कधीच कुणावर अवलंबून नव्हता म्हणतो त्याला विचारा डबा कोण भरायचं. मी पण धडधाकट होतो तेव्हा आईच्या हातचंच खायचो, फक्त त्याला कुणी अवलंबून असणं म्हणायचं नाही.

साखरपेठची_लेक

सगळ्यांचे आभार, सगळं पटलं असं नाही. भावाला ही चर्चा पाठवली, निळी टिक आली, उत्तर नाही. अक्काशी बोलले. मला वाटलं पगार वाढवून मागेल, तो तर वाढवणारच आहे, पण तिनं मागितलं ते असं की पाण्याच्या दिवशी सकाळी उशिरा येईन आणि रविवार पूर्ण सुट्टी. पप्पा पलंगावरून ऐकत होते, म्हणाले दे की, आणि मग लगेच, पण रविवारी माझं कोण करणार? मी करीन म्हटलं तर गप्पच बसले, मुलीनं करायचं त्यांना जास्त जड जातंय बहुतेक.

सिस्टर_होटगीरोड

रविवारी भाऊ येतो का कधी? पुढच्या वेळी आला की मेसेज टाका, मी येऊन कूस आणि डायपर दोन्ही शिकवते. तुम्हाला नाही, त्याला.