अनुभव धागा : खोका आला, आवाज गेला

माळ्यावरचा_रेडिओ (दादर)

गेल्या मंगळवारी दुपारी डिलिव्हरीवाल्या मुलाने खोका दारात टेकवला तेव्हा आतून 'खुळ्' असा आवाज आला. एकदाच. टर्नटेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राच्या, खोक्यातून कुठलाच आवाज यायला नको, एवढं मला कळतं. पण मुलगा लिफ्ट नसलेल्या चाळीत चार मजले चढून घामाघूम झालेला, आत कुकरची शिट्टी व्हायची बाकी. पाणी दिलं, ओटीपी सांगितला, मोकळा झालो. चूक नंबर एक.

सेकंडहँड, जपानी बनावटीचं, बेल्टवर चालणारं यंत्र. बंगळुरूच्या एका विक्रेत्याकडून साडेचौदा हजारांना घेतलं. फोटोत लखलखीत. खोक्यातून निघालं ते असं : वरचं अॅक्रिलिकचं झाकण बिजागरीपाशी तडकलेलं. रेकॉर्ड जिच्यावर फिरते ती जड थाळी काढून वेगळी गुंडाळायला हवी होती, ती तशीच दांड्यावर. टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, शेपटीला जे वजन असतं ते तर काढलेलं नव्हतंच, वाटेत आपलं आपणच सुटलं आणि आतल्या आत गोट्या खेळत बंगळुरूहून दादरला आलं. 'खुळ्' हेच. आर्म हाताने आडवा नेला की मधेच अडकतो, भातात खडा लागावा तसा.

खोक्याबाहेर 'नाजूक'चे चार लाल स्टिकर. आत बबल रॅपचा एक पदर आणि चुरगळलेली कन्नड वर्तमानपत्रं.

विक्रेता म्हणतो कुरिअरने आपटलं, कुरिअर म्हणतं पॅकिंग कच्चं होतं. खरं सांगायचं तर मला कुरिअरवाल्यांचं पटतं. खोका आपटणारच, हे धरूनच बांधायचा असतो.

तुमच्यावर असं काही बेतलंय का? काय मागवलं, कशात गुंडाळून आलं, मोडल्यावर काय केलंत, पैसे परत मिळाले का, सविस्तर लिहा. कंपन्यांची नावं नकोत, मग भांडणच वाचावं लागतं.

खरखर_७८ (बोरिवली)

तुमचं निदान दुरुस्त तरी होईल. माझ्याकडे आला तो चुरा.

मी ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डी जमवतो. त्या लाखेच्या. हो, आपली बांगड्यांची लाख तीच, त्यात दगडाची पूड वगैरे भरून दाबलेली. एलपी, म्हणजे नंतरची प्लास्टिकची रेकॉर्ड, वाकते, ही वाकत नाही, तुटते. आपल्याकडे साठच्या दशकातही ७८ निघत होत्या, त्यामुळे माल अजून बाजारात फिरतो. दोन वर्षांपूर्वी कोलकात्याहून नाट्यसंगीताच्या अकरा घेतल्या. पार्सल हलवून बघितलं तर बांगड्यांच्या दुकानातल्यासारखा किणकिणाट. अकरातल्या सात गेल्या. त्यांतली एक माझ्या आजोबांकडे होती तीच, लहानपणी मीच फोडली होती. म्हणजे एकच रेकॉर्ड आयुष्यात दोनदा तुटली.

पाठवणाऱ्याने बिचाऱ्याने प्रेमाने, एकीवर एक रचून, सुतळीने आवळून बांधल्या होत्या. खोक्याच्या तळाशी मात्र काहीच नव्हतं.

तेव्हापासून पैसे द्यायच्या आधी मी विक्रेत्याला कसं बांधायचं ते लिहून पाठवतो. प्रत्येक रेकॉर्ड पाकिटात, दोन रेकॉर्डींमध्ये फोम किंवा पुठ्ठा, दोन्ही अंगांना रेकॉर्डीपेक्षा मोठे नालीदार पुठ्ठ्याचे चौकोन, आणि त्या चौकोनांच्या नाल्या एकमेकींना आडव्या. हा गठ्ठा हलता कामा नये. मग तो खोक्यात, तो खोका आणखी मोठ्या खोक्यात, मधे चारी बाजूंनी दोन-दोन इंच भरण. एका खोक्यात दहाच्या वर नाही. आणि सगळं बांधून झाल्यावरचा फोटो नको, बांधतानाचा हवा. दोन विक्रेत्यांनी "एवढे नखरे असतील तर नको" म्हणून नकार दिला. बरंच झालं.

एलपीवाल्यांसाठी : रेकॉर्ड कव्हरमध्ये ठेवून पाठवू नये. आतल्या पाकिटासकट बाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवावी. नाहीतर वाटेत धक्का बसला की रेकॉर्डीची कड कव्हरची शिवण उसवते.

सोल्डर_काका (गिरगाव)

मी पस्तीस वर्षं लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत अॅम्प्लिफायर दुरुस्त केले. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी गिऱ्हाईक लॅमिंग्टनच म्हणायचं. ऑनलाइन खरेदी सुरू झाल्यापासून दुकानात येणारं काम बदललं. आधी लोक वापरून बिघडलेलं आणायचे, मग न वापरताच बिघडलेलं आणू लागले.

पार्सल आलं की लगेच प्लग लावायचा नाही. आधी नाक, मग कान, मग डोळे. करपल्याचा वास येतोय का. सावकाश एका बाजूला कलवा, आत काही घरंगळतंय का. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा अॅम्प्लिफायर असेल तर काचेच्या आत वरच्या भागात चंदेरी डाग असतो तो बघा. डाग पांढरा पडला असेल तर काचेला बारीक चीर जाऊन आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह मेला. खरं तर व्हॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळूनच पाठवायचे असतात, आणि ट्रान्सफॉर्मर जिकडे असतो ती जड बाजू खोक्यावर लिहायची असते. झाकण मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात. माझा एक पोऱ्या असाच उडाला होता. वाचला, पण नंतर एलआयसीत गेला.

स्पीकरचं वेगळं. बाहेरून पेटीला ओरखडा नाही म्हणून लोक खूश होतात. वूफरच्या, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, पाठीला किलो-दोन किलोचं चुंबक असतं आणि ते सहसा नुसतं चिकटवलेलं असतं. खोका कमरेएवढ्या उंचीवरून पडला तरी चुंबक केसभर सरकतं आणि मधली कॉइल घासायला लागते. बोटांची टोकं कोनवर, म्हणजे पुढच्या शंकूसारख्या पडद्यावर, समोरासमोर ठेवून अगदी हलके, सारखं दाबा. आतून कागद घासल्यासारखी खसखस आली तर ते स्पीकर चालवून बघू नका, परत पाठवा. ट्विटरला, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरला, बोट लावू नका, तो डोळ्याच्या बाहुलीसारखा असतो.

माळ्यावरचा_रेडिओ, तुमच्या आर्मचं बेअरिंग गेलेलं दिसतंय. थाळी दांड्यावर ठेवूनच आलीय म्हणजे खालचं बेअरिंगही बघायला हवं. काचेचा तुकडा थाळीवर आडवा ठेवून हाताने फिरवा. काच वरखाली होत असेल तर दांडा वाकला.

पीजीतला_हेडफोन (पवई)

माझा अनुभव दोन ओळींचा. दारातच उघडून दाखवण्याचा पर्याय निवडला होता, डिलिव्हरीवाल्यासमोर डबा उघडला, हेडबँड मोडलेला, त्याने तिथेच परत नेला, पाच दिवसांत पैसे आले. दादर, तुम्ही कुकरच्या नादात चुकलात.

कोपऱ्यातला_माइक (अंधेरी)

मी घरून श्राव्य पुस्तकं वाचते. गेल्या पावसाळ्यात रिबन माइक मागवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या माइकच्या पोटात चुंबकाच्या दोन टोकांमध्ये अॅल्युमिनियमची एक पट्टी लोंबती असते, जाडी जेमतेम दोन-चार मायक्रॉन. केसापेक्षा कितीतरी पातळ. जोरात फुंकर मारली तरी ती ताणली जाते. उभाच ठेवायचा, उभाच न्यायचा.

हा माल भिवंडीच्या गोदामात चार दिवस पडून होता. ट्रॅकिंगवर दोनदा 'भिवंडीहून निघाला' आणि दोनदा 'भिवंडीत पोहोचला'. कुठे फिरत होता देव जाणे. आमच्याकडे आला तेव्हा मी बाहेर. वॉचमनने केबिनमध्ये जागा नाही म्हणून खोका केबिनच्या पत्र्याखाली ठेवला, आणि अंधेरीचा पाऊस पत्र्याला जुमानत नाही. पुठ्ठ्याची पार लापशी झालेली.

माइक चालू होत होता, हीच पंचाईत. आवाज येत होता, पण दुलईतून बोलल्यासारखा मंद, वरचे सूर गायब. आधी मला वाटलं माझाच घसा बसलाय. तीन दिवस हळदीचं दूध प्यायले. मग जुन्या साध्या माइकवर तीच ओळ वाचली आणि कळलं, पट्टी सैल पडलीय. विक्रेता म्हणे "चालतोय ना?" मी दोन्ही माइकवर तेच वाक्य रेकॉर्ड करून दोन्ही फायली पाठवल्या. त्यावर बदलून मिळाला. मोडलेलं दिसतं त्याचा फोटो पुरतो, बिघडलेलं ऐकवावं लागतं.

जाता_जाता (डोंबिवली)

मी विकणाऱ्याच्या बाजूने लिहितो, शिव्या घाला. माझा कॅसेट डेक नागपूरला पाठवला. मूळ खोका, मूळ थर्माकोल, स्वतः बांधला. पोहोचला तो मोडूनच. कुरिअरच्या पावतीवर किंमत लिहायची जागा होती, तिथे मी ५०० लिहिले होते, कारण काउंटरवरचा म्हणाला जास्त लिहिलं तर विम्याचे पैसे वाढतील. सव्वाशे रुपये वाचवले. भरपाई त्या ५०० च्या हिशोबाने. घेणाऱ्याला मी पूर्ण पैसे परत केले आणि मोडका डेकही त्याच्याकडेच राहू दे म्हटलं. परत आणायचं धैर्य नव्हतं.

तारसप्तक (विलेपार्ले)

विषयांतर आहे, पण राहवत नाही. मिरजेहून तानपुरा येणार होता. कारागिरांनी साफ सांगितलं, कुरिअर करणार नाही, कोणीतरी या. बाबा रात्रीच्या गाडीने गेले आणि तारा सैल करून, भोपळ्याला जुनी गोधडी गुंडाळून, स्वतः खाली वर्तमानपत्र टाकून झोपले आणि तानपुऱ्याला बर्थ दिला. टीसीने विचारलं, "पेशंट कोण?"

नियमाप्रमाणे (मुलुंड)

सगळे दुरुस्तीचं लिहितायत, मी पैशांचं लिहितो. ब्लूटूथ स्पीकर फुटका आला, कंपनीने 'डिलिव्हर झाल्यावर आमची जबाबदारी नाही' असा साचेबद्ध मेल पाठवला. २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आहेत. त्यानुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर दिसायलाच हवा, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. मी कस्टमर केअरशी चॅट बंद केलं आणि थेट त्या अधिकाऱ्याला लिहिलं. सोबत तीन गोष्टी : न उघडलेल्या खोक्याचे सहाही बाजूंचे फोटो, टेप कापल्यापासूनचा न थांबवलेला व्हिडिओ, आणि लेबलचा फोटो. पोच आली, पण काम नाही. मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद केली. अकराव्या दिवशी पैसे.

नसते आले तर जिल्हा आयोगात गेलो असतो. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षं. दादर, तुमचा विक्रेता धंदा म्हणून विकणारा आहे की घरातली एकच वस्तू काढणारा, यावर पुढचं अवलंबून आहे. आणि खोका, पुठ्ठा, ती कन्नड वर्तमानपत्रं, यातलं काही रद्दीत घालू नका.

माळ्यावरचा_रेडिओ (दादर)

रद्दी बुधवारीच गेली. बायकोने सकाळी सकाळी हाक मारून रद्दीवाल्याला वर बोलावलं. खोका मात्र माळ्यावर आहे, तो तिलाही पोहोचत नाही म्हणून वाचला.

विक्रेता दुकानवाला आहे, बिलावर जीएसटी नंबर आहे. लेखी तक्रार केली. त्याने निम्मे पैसे देतो म्हटलंय, मी अजून हो म्हटलेलं नाही. काका, काच ठेवून फिरवली, स्थिर आहे, दांडा वाचला. आर्मचं बेअरिंग तुमच्याच गल्लीतल्या एकाकडे दिलंय, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. शनिवारी तयार होईल म्हणाला. आणताना लोकल नाही. टॅक्सी करणार, थाळी पिशवीत वेगळी, आणि यंत्र मांडीवर.